त लिहू का ट

सोमवार, १७ नोव्हेंबर

लिही. आज कापसात धुकं उतरलं होतं. बोंड कोणतं अन् धुकं कोणतं, काही समजेना. ओट्यावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा वैशाली शाळेतून आलेली, तोंड पाडून. गावच्या शाळेत पोट्ट्याइले इंग्रजी शिकवते. तिथं मास्तरीण असली तरी घरी माझी नात आहे, हेही लिही.

म्हणलं, काय झालं वं? म्हणे, आजी, आज कॅन, मस्ट, मे शिकवलं. 'कॅन' म्हटलं का सारे पोट्टे कोपऱ्यातल्या पाण्याच्या कॅनकडं पाहतात. 'मे' म्हणजे त्याइले उन्हाळ्याच्या सुट्ट्या. अन् 'यू मस्ट गो होम' म्हणजे काय, तर एक पोट्टी उठून म्हणे, 'तू मस्त घरी जा.'

मी म्हणलं, बरोबरच तर सांगतलं तिनं.

हसली नाही. आता लिहिताना मी 'मले' म्हणते तिथं 'मला' करून राह्यली. कसं समजलं? 'ले' आला का पेन अडखळते. मले वाचता येत नाही, ऐकू येते.

(बरं. मले. — वै.)

मंगळवार, १८ नोव्हें.

भाजी निवडता निवडता मीही शिकली. कॅन म्हणजे येते, जमते. मले भाकर करता येते, कॅन. मस्ट म्हणजे लागतेच, सुटका नाही. मे म्हणजे जाऊ काय, घेऊ काय, असं इचारणं. अन् त्याच मे चा अर्थ 'असंही होईल, तसंही होईल'. एकाच शब्दात 'हो' पण अन् 'काय माहीत' पण. इंग्रज मोठा लबाड दिसते.

शाळेत म्हणे सारे दारातून 'मेआयकमिन' म्हणतात अन् म्हणता म्हणता आत येऊन बसतात. चप्पल काढतात तसा तो शब्द दारातच काढून ठेवतात. इचारणं त्यात राह्यलंच नाही.

फोन वाजला. नागपूरची कोणती तरी मोठी शाळा. इथली नोकरी कंत्राटाची, तिथली पक्की. सोमवारपर्यंत 'हो' का 'नाही' सांगायचं. "जावं लागते आजी," म्हणे. माझ्याकडं न पाहता, फोनकडं पाहून.

मी मेथी निवडत राह्यली. काड्या भाजीत अन् पानं कचऱ्यात गेली, मागून दिसलं.

गुरुवार

काल लिहिलं नाही.

आज दुपारी डबा घेऊन शाळेत गेली. पाहते तर वर्ग सारा आंगणात. भिंतीले टेकून पेंगत होते म्हणून मास्तरणीनं बाहेर काढले. कडुनिंब म्हणजे कॅन, हापशी म्हणजे मस्ट, फाटक म्हणजे मे. ती मराठीत काही म्हणे अन् पोट्टे तिकडं पळत. "झाडावर चढता येते." सारे निंबाकडं. "गृहपाठ करावाच लागते." हळूहळू हापशीकडं, जीव गेल्यासारखे. "बाहेर जाऊ काय?" तर अर्धे फाटकातून बाहेरच गेले, त्याइले धरून आणावं लागलं.

मग मले खुर्चीवर बसवलं. पोट्टे लांब रांगेत उभे. एकेकानं इचारायचं, 'मे आय कम, आजी?' मी 'येस' म्हणलं तर एक पाऊल पुढं, 'नो' म्हणलं तर तिथंच. न इचारता जो हलला तो मागं.

येस सांगतलं होतं तिनं, पण मले नो आवडला. तोंडात कसा गोल बसते, बोरासारखा. मी सांगत गेली, नो. नो. तुले तर नो च, नाक पूस आधी. पोट्टे लोळून लोळून हसले, पण इचारणं काही सोडलं नाही. मास्तरीण लांबून म्हणे, "आजी, येस पण म्हणत जाय वं, नाहीतर सांज होईन."

उन्हात खुर्ची गरम, निंबाचा पाला झिरमिर झिरमिर अंगावर. असं वाटलं का हे पोट्टे असेच इचारत राहावे अन् कोणीच माझ्यापर्यंत पोचू नये. पोचले का खेळ संपते.

(हे वाक्य आजीनं डोळे मिटून सांगितलं. — वै.)

शनिवार, २२

पहाटे सपन पडलं. तुरीले पिवळं फूल आलेलं, त्यातून वैशाली चालून राह्यली. ये म्हणून हात केला, पण ती तर पाठमोरी. तिथूनच इचारते, मे आय? पुढचा शब्द ऐकू आला नाही. कम होता का गो होता? मी बोलाले गेली तर तोंडात सारा कापूस. काढते, काढते, सरतच नाही.

उठल्यावर तिले सांगतलं. म्हणे, "रात्री वांग्याची भाजी जास्त खाल्ली तू."

खाल्ली होती.

तिच्या बापाचा फोन आला राजूरहून. तो खाणीवरून बोलला का सारं हुकुमासारखंच वाटते. "जावंच लागते, पक्की नोकरी आहे." तिकडून मस्ट, इकडून मस्ट. पोरगी हापशीपाशी उभी करून ठेवली साऱ्याइनं.

रविवार, २३ नोव्हें.

चहा घेऊन आली अन् दारातच थांबली. आत नाही आली. म्हणे, "मे आय गो, आजी?"

खेळात म्हणतात तसंच म्हणली, पण या वेळी माझ्याकडं पाहून.

नो माझ्या जिभेवरच होता. तयार, गोल. गिळला. चहा घेतला, फुंकला. ती उभीच. तिनं शिकवलेल्या पोट्ट्याइपैकी एवढं खरं कोणी इचारलं नसन.

म्हणलं, बस अन् वही घे.

म्हणलं, पाच दिवसांपासून 'जावं लागते, जावं लागते' करून राह्यली. कायले लागते? बाप म्हणते म्हणून लागत असन तर जाऊ नको. माझ्याकडून नो. इथं राह्य, निंबाखाली पोट्टे पळव. अन् मनातून तिथं मस्त वाटत असन तर जाय. मी रडीन थोडी, मग शाळेत जाऊन खुर्चीवर बसीन. माझं काही अडत नाही.

"तुले काय वाटते पण?"

मले काय वाटते ते सपनात सांगून झालं. आता तुह्यं लिही. लिही, वैशालीले नागपूर मस्

पेन थांबलं.

"आजी, त लिहू का ट?"

मले कायले इचारते? मले दोन्ही सारखेच. तुले माहीत आहे ते लिही. नसन माहीत तर तेवढी जागा सोड अन् पुढचं घे.

जागा सोडली तिनं. चहा निवला. फाटकापाशी धुकं येऊन उभं आहे, आत येऊ काय म्हणते तसं. वही अजून तिच्या मांडीवर उघडीच आहे. मी कान देऊन बसली आहे.