कवळीच्या रंगाचे घड्याळ

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवण्याचा (आता सोडला), असे लिहून देतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, आणि डॉक्टर दातांचे नव्हेत. बायकोचाही दाखला मागितला होता, तिने दिला नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मरायचा विचार नव्हता.

वकीलबाईंनी केलेला मसुदा दीड पानाचा होता. बाकीची भर माझी. त्या म्हणाल्या, "काका, एवढं कोणी लिहीत नाही." मी म्हटले, "एवढं कोणी करूनही ठेवत नाही."

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, माझ्या पश्चात पत्नीला आणि तिच्या पश्चात मुलीला मिळावे. बँकेतल्या ठेवींचेही तसेच. गॅलरीचे दार दमट हवेत फुगते, ते खांद्याने ढकलावे. त्यावरची लाथेची खूण माझी आहे, पूर्वी ठेवलेल्या भाडेकरूंची नव्हे. त्यांची अनामत मी उगाच कापली होती, ती परत करावी.

कलम २. कामाची हत्यारे, म्हणजे हातातले ग्राइंडर, पॉलिशची मोटर, मेणाच्या सुऱ्या, दातांच्या रंगांची पट्टी आणि प्रेशर पॉट, माझ्यानंतर कारखाना सांभाळणाऱ्या बाईंना द्यावीत. पॉटच्या झाकणाचे रबर बदलून घ्यावे. ते कवळ्यांमुळे खराब झालेले नाही.

कलम ३. मेहुणे गेली तीस वर्षे मला चारचौघांत "दंतकथा" अशी हाक मारतात. त्यांना माझी स्वतःची वरची कवळी द्यावी. ती त्यांच्या मापाची नाही, पण बसवून बघेपर्यंत तरी त्यांचे तोंड बंद राहील.

कलम ४. हे कलम घड्याळाचे. खरे तर बाकीची कलमे याला सोबत म्हणून लिहिली आहेत.

आमचे बाबा पाणबुडे होते. बंदरात जहाजांच्या तळाशी उतरून पत्रे आणि पंखे तपासायचे. त्यांचे घड्याळ जाडजूड, काळ्या तबकडीचे होते. भोवती फिरते कडे. पाण्यात उतरताना ते कडे फिरवून खूण लावायची, म्हणजे खाली किती मिनिटे झाली ते कळायचे. जाण्याआधी बाबा सर्वांसमोर म्हणाले, "हे धाकट्याला द्या. थोरल्याला पाण्याची भीती वाटते." खोटे नव्हते ते. मी आजही डोक्यावर तांब्या ओतताना डोळे उघडे ठेवतो.

धाकटा तेव्हा एकोणीस वर्षांचा, मी पंचवीसचा. त्याची परीक्षा संपेपर्यंत घड्याळ आईच्या कपाटात राहायचे होते. एका रविवारी मी ते कोणाला न विचारता हातात घातले आणि मित्राबरोबर तलावावर नावेत बसलो. हे शंभर मीटर खोल जाते, अशी फुशारकी मारली. मित्र म्हणाला, "दाखव की मग." मी ते काढले आणि पट्टा धरून पाण्यात बुडवले. सदर घड्याळ पट्ट्याची पिन निसटून तलावात पडले व हरवले. पट्टा माझ्या हातात राहिला.

आठवड्याने आईने कपाट उघडले. नेमक्या त्याच सुमारास धाकट्याने जुनी सायकल घेतली होती. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारले, "यानं विकलं की काय रे?"

मी म्हणालो, "मला काय माहीत."

एवढेच म्हणालो. त्याला चोर मी कधी म्हटले नाही, अशी माझी मीच चाळीस वर्षे समजूत घालत आलो. आईने त्याला मामांसमोर विचारले. तो काय म्हणाला ते कोणी धड ऐकून घेतले नाही, सगळे दाराशी लावलेल्या सायकलकडे बघत होते. त्या आठवड्यात तो घर सोडून गेला. पुढे पोहण्याच्या तलावावर शिक्षक झाला, त्याने संसार थाटला. आईने शेवटपर्यंत त्याची वाट पाहिली आणि शेवटपर्यंत त्याला चोर मानले. ती गेली तेव्हा तो आला, पण दाराबाहेर उभा राहिला आणि तिथूनच परत गेला.

धंदा सोडल्यावर रिकामपणी मोबाइल चाळताना मला बाबांच्या घड्याळाची नक्कल विकायला दिसली. कबूल करण्यापेक्षा घड्याळ मागवणे सोपे, असा विचार करून मी ते मागवले. आले ते इतके चकचकीत की हातात धरायची लाज वाटावी. शिवाय तारखेची खिडकी. बाबांच्या घड्याळात तारीख नव्हती. मग तबकडी बदलली, काटे बदलले, सपाट काच काढून फुगीर प्लास्टिकची बसवली आणि ती फरशीवर घासली. काळे कडे ब्लीचमध्ये बुडवून करडे करायचे होते. पहिले पांढरेफटक पडले, दुसरे जांभळे झाले, तिसरे जमले. तबकडीवर अंधारात चमकणारे ठिपके असतात, ते जुने, पिवळट दिसायला हवे होते. इथे मात्र माझा हात धरणारा कोणी नव्हता. आयुष्यभर मी चहा आणि विडी पिणाऱ्यांच्या उरलेल्या दातांशेजारी शोभतील असे खोटे दात रंगवले. तोच रंग घेतला आणि भिंग लावून एकेक ठिपका रंगवत बसलो. बायको मागून वाकून म्हणाली, "अहो, एवढे बारीक दात कुणाचे?"

मग वाटले, पाणबुड्याचे घड्याळ म्हणजे पाण्यात टिकले पाहिजे. कवळीचे प्लास्टिक दाबाखाली पक्के करतात तो पॉट पाण्याने भरला, घड्याळ आत टाकले, हवा भरली. दहा मिनिटांनी काढले तर काचेच्या आत निम्मे पाणी आणि त्यात सेकंदकाटा पोहतोय. आतले यंत्र दुसरे आणावे लागले. त्यानंतर मी ते पाण्याजवळ नेले नाही, स्वतःलाही नेत नाही.

तयार झालेले घड्याळ आईच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी, "अगं, हे बघ काय सापडलं!" म्हणून बोंब ठोकली. बायको म्हणाली, "नाटकात काम करताय का?" तिला तेव्हाच सगळे कळले असावे. मी धाकट्याला फोन केला. तो तासाभरात आला. एकोणचाळीस वर्षांनी माझ्या घरात पाऊल टाकले त्याने. घड्याळ हातात घेऊन कडे फिरवून पाहिले, आणि मशीनच्या स्टुलावर बसला.

"दादा, म्हणजे आईनंच ठेवलं होतं इथं?"

"असेल. विसरली असेल."

"आणि चोर मला ठरवलं," असे म्हणून तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. याहून हलकट काम मी आयुष्यात केलेले नाही. माझे पाप इतकी वर्षे धाकट्याच्या माथी होते, ते उचलून मेलेल्या आईच्या माथी मारले.

तो म्हणाला, "तुलाच सापडलं, तूच घाल." तेव्हापासून चार वर्षे तो दर रविवारी येतो. आम्ही गॅलरीत चहा पितो, पोटभर गप्पा मारतो, आणि निघताना तो आईविषयी एखादे कडू वाक्य बोलून जातो. मी मनगटावर हे सोंग बांधून गप्प बसतो. हे वाचल्यावर त्याचे येणे बंद होईल. मरणाची मला एवढी धास्ती नाही, जेवढी त्याची आहे.

कलम ५. सदर नकली घड्याळ माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला द्यावे. ती बापासारखी पोहते. तिने ते हात धुतानासुद्धा काढून ठेवावे. आजोबांचे आहे असे कोणालाही सांगू नये.

कलम ६. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. कारण असे की, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार न झालेले बरे, असे वकीलबाईंचे म्हणणे, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणे. माझ्या साक्षीदाराने वाचलाच पाहिजे. माझ्या मागे हे त्याला वाचून दाखवायची सोय होती आणि भित्र्या माणसाला ती फार पसंत पडली होती. पण बायको म्हणाली, "मेल्यावर त्याला कोणाचं तोंड दाखवणार? आत्ता बोलवा."

सह्या होण्यापूर्वीची नोंद, माझ्या हातची. आज धाकट्याने वरील कागद उभ्या उभ्या वाचला, कलम ४ दोनदा. वकीलबाई, साक्षीला बोलावलेले ओळखीचे दंतवैद्य आणि माझी पत्नी हजर होते. मी विचारले, "चहा टाकायला सांगू?"

तो म्हणाला, "आई गेली त्या दिवशी मी आत आलो नाही, दादा. तिचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी."

"माहीत आहे रे."

"तुला सगळंच माहीत होतं."

मग त्याने कागदावर बोट ठेवले. "हे 'पडले व हरवले' काय? आपलं आपण पडलं का ते? 'मी हरवले' लिही."

कलम ४ मधील "पडले व हरवले" हे शब्द खोडून तिथे "मी हरवले" असे लिहिले आहे. समासात आम्हा दोघा भावांच्या सह्या आहेत. माझी सही वेडीवाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.

"रविवारी येशील ना?" असे मी विचारले. त्याने वकीलबाईंना विचारले, "साक्षीदारानं स्वतःच्या हातानं काही लिहिलं तर चालतं का?" त्या म्हणाल्या, "चालतं." तेव्हा त्याने माझ्याकडून पेन मागून घेतले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
तारीख: १४ ऑक्टोबर, मंगळवार

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिला, दंतवैद्य: (सही)
मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार दुसरा, सख्खा धाकटा भाऊ: (सही)
दादाने माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचला. मी घड्याळ घेतले नव्हते.