पेंढ्याखालची एमजी

पोलादपूर,
३ मार्च २०२५

चि. सौ. तेजश्री हिस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. चाळीस वर्षं पत्रे ठोकून माझे कान गेलेत. फोनवर मी ओरडतो आणि सगळी आळी ऐकते. आणि ही गोष्ट आईच्या कानावर जायला नको आहे. भागोजीची सहा आसनी रिक्षा रोज महाडला येतेच, त्याच्या हाती देतोय. तूही उत्तर त्याच्याच हाती दे. त्याला चहा मात्र पाज, नाहीतर पाकीट फोडून वाचत बसेल.

तर आपली एमजी. कशेडीला बोगदा झाल्यापासून घाटात ट्रक चढत नाहीत, गॅरेजात मी माश्या मारत बसलेला असतो. म्हणून दिवाळीनंतर मागच्या शेडमधला पेंढा उपसला आणि बाबा गेल्यावर तेरा वर्षांनी ती दोन सीटांची गाडी उजेडात आणली. पिस्टन जाम होते. पंधरा दिवस रॉकेल आणि ऑइल मुरवलं, तेव्हा कुठे केसभर हलले. टाकीत खडी घालून ती हलवून हलवून धुतली. सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. पण बाबांनी दरवर्षी जळकं ऑइल चोपडलं होतं, त्यामुळे चेसिस आणि आतली लाकडी चौकट ठणठणीत आहे. तुझ्या वहिनीच्या मते इतकी सेवा मी तिच्या बाळंतपणातही केली नव्हती.

शनिवारी पुण्याहून वरंध घाटाने दीपक नावाचे गृहस्थ आले. जुन्या गाड्या तपासून किंमत ठरवणं हाच त्यांचा धंदा. १९५२ ची, एकही भाग बदललेला नाही, म्हणून माणूस हरखून गेला. मग त्यांनी चेसिस नंबरचा छाप घ्यायला कागद आणि पेन्सिल काढली. पुढच्या डाव्या टोकाला नंबर ठोकलेला असतो. तिथे काहीच नाही! लोखंड खाऊन खड्डा पडलाय. इंजिनावरची नंबरची पितळी पट्टीही गायब. कोणी मुद्दाम घासून काढलाय का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या धंद्यात बिननंबराची गाडी म्हणजे चोरीची गाडी, असं म्हणाले. आपल्या दारात उभं राहून.

गाडीचे मूळ मालक, साहेब, आफ्रिकेला जाताना बाबांना ही गाडी बक्षीस देऊन गेले, हे तालुक्याला ठाऊक आहे. सच्चा मिस्त्री म्हणायचे बाबांना. त्यांच्या माघारी त्यांच्यावर हा डाग मी लागू देणार नाही. आई पडवीत तांदूळ निवडत होती, तिने ऐकलं असावं. तेव्हापासून धड जेवत नाही. नंबराबद्दल तुला काही आठवतंय का ते लगेच कळव.

तुझा,
राजेंद्रदादा

महाड,
४ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

भागोजीला चहा आणि दोन कांदाभजी दिली. पाकीट शाबूत होतं, फक्त एका कोपऱ्याला ओलं होतं.

अरे, नंबर कोणी घासला ते मला ठाऊक आहे, आणि तुलाही ठाऊक आहे! खंडेनवमीला बाबा पाने, हातोड्या मांडायचे आणि आई गाडीची पूजा करायची. नारळ कुठे फोडायची? पुढच्या डाव्या टोकावर. ते पाणी, हळद, कुंकू तिथेच मुरायचं, आणि आपण दोघं खोबऱ्यावर लक्ष ठेवून. तीस-बत्तीस नारळ झाले की रे. लोखंडाचं काय होणार?

दीपकरावांना हे सांग, ते समजून घेतील. पण आईला चुकूनही बोलू नकोस. आपल्या पूजेने गाडी टिकली असं ती समजते. तिच्याच नारळाने बाबांच्या नावाला बट्टा लागला हे कळलं, तर तिचं उरलंसुरलं जेवणही बंद होईल.

दहावीच्या पेपरांवर माझं सुपरव्हिजन आहे, सतरा तारखेपर्यंत हलता येत नाही. आईला पेज तरी पाज. काळजी वाटते.

तुझी,
तेजू

पोलादपूर,
८ मार्च २०२५

चि. तेजू,
अ. आ.

तुझं नारळाचं बरोबर निघालं म्हणून मी दोन दिवस मिशीला पीळ देत होतो. दीपकरावही हसले, तसं अहवालात लिहितो म्हणाले. गुरुवारी गाडी सुरूही झाली. पेट्रोलचा पंप टिकटिक करायला लागला, दोन वेळा खोकली आणि मग असा आवाज दिला की मलासुद्धा ऐकू आला! मी वेड्यासारखा नाचलो. आई दाराशी आली, कानांवर हात ठेवले आणि रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने.

आता पुढचं ऐक. आरसी बुकावर साहेबांचंच नाव आहे. वारसाची सही हवी, म्हणून दीपकरावांनी पत्ता काढून साहेबांचा मुलगा राजेश याला गाठलं. तो म्हणाला, गाडी कुठली? ती तर एक्याऐंशीच्या पावसाळ्यात कशेडीच्या दरडीबरोबर दरीत गेली. तसं मिस्त्रींचं पोस्टकार्ड आहे म्हणे, बाबांच्या अक्षरात. रविवारी, सोळा तारखेला, ते कार्ड घेऊन तो इथे येतोय.

तेजू, माझं डोकं फिरलंय. माझी खात्री आहे की गाडीची किंमत कळल्यावर हे कार्ड जन्माला आलंय. बाबांनी उभ्या आयुष्यात कोणाचा नटबोल्ट ठेवून घेतला नाही. तो दारात आला की मी त्याला काय बोलेन याचा भरवसा नाही. शिमग्याची पालखी आळीत यायची आहे, घरात सणाचे दिवस, आणि मला रात्री झोप नाही.

तुझा,
दादा

पोलादपूर,
११ मार्च २०२५

चि. तेजूस आईचा आशीर्वाद.

आत्या, आजी सांगते तसंच्या तसं लिहितेय. पप्पा गॅरेजवर आहेत. – पूजा

तेजू गो, राजा फोनवर बोलतो ते साऱ्या आळीला ऐकू येतं. तुमी दोगं माज्यापास्नं लपवताव, पन मला सगलं ठावं हाय. आता मी सांगतंय ते ऐक.

ती गाडी बक्षीस नाय. साहेबानी दुरुस्तीला ठेवली व्हती, कागदं पन संगती दिली आनि आफ्रिकेला गेले. दोन वर्सानी कागूद आला का मानूस पाटवतंय, गाडी देवा. तवा तुज्या बाबाचा जीव गाडीत गुतलेला. उभ्या जल्मात त्याला कंदी काय चांगलं मिललं नव्हतं गो. त्या वर्सी कशेडीला दरड आली. त्यानी कारड लिवलं का गाडी दरीत गेली. येकच कारड. पन मंग ती गाडी रस्त्याव काडायची कशी? लोक बगतील. म्हनून नंबराच्या पाट्या काडून पेंड्यात. तुमाला वाटं, साहेबाची आठवन म्हनून जपतो. तो भियाचा गो.

मंग येक वर्सी साहेब आपुन आले. घाटात थांबून दरीत बगून आले व्हते. मी च्या दिला. ह्यांचा हात धरून म्हनले, महादू, वाईट वाटून घेव नको, दरडीपुडं कुनाचं चालतं? आनि गाडी पाटीमागं वीस पावलाव. त्या दिशी ह्ये जेवले नाय.

मला वाटलं, ह्यो परत आला आनि शेडात शिरला तर? ह्ये बोलले व्हते का नंबर म्हंजे गाडीचं नाव. पितलंची पट्टी मी उपटून सावित्रीच्या डोहात टाकली. लोखंडावरचा नंबर निगंना. आमसुलाचं आगल पितल उजलतं आनि लोखंड खातं, ह्ये मला ठावं. दर आयतवारी फडकं भिजवून तितं बांदायची. नारल वर्साचा येक, आगल आयतवारचं. ह्यांना वाटं, पूजा करतं, तर हात जोडून उभे ऱ्हायाचे. त्यांना कंदी कलला नाय.

राजा तुजं ऐकतो. त्याला सांग, नंबर नाय तर कोन काय बोलनार? कागदं त्या दरीतल्या गाडीची, ही दुसरी, भंगारात घेतलेली, असं सांगूंदे. मेलेल्या मानसाचं नाव राखा. मला येवडंच पायजे.

चंपाबाई

महाड,
१२ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत आईचं पत्र आहे. आधी ते वाच. गॅरेजवर वाचू नकोस, घरी जाऊन दार लावून वाच.

वाचलंस? मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. बाबांचा राग येतो, मग त्यांची दया येते, मग परत राग. तीस वर्षं समोर गाडी आणि एकदाही त्यात बसता येऊ नये! इंजिन ऐकून आई का रडली ते आता कळलं.

तू मला विचारशील, काय करू. खरं सांगते, मला गप्प बसावंसं वाटतंय. आई ऐंशीच्या पुढे गेली. कायद्याने आता कोणीच काही सिद्ध करू शकत नाही. ही गाडी कोणाची हे सांगणारं जगात फक्त तुझं तोंड उरलंय. आज पेपरला एका मुलीच्या कंपासमध्ये चिठ्ठी सापडली. तिला उठवलं. मी कोण हिला पकडणारी, असं झालं.

मी सल्ला देत नाही, देऊच शकत नाही. तू जे करशील त्यात माझा अर्धा वाटा धर. आईवर मात्र आवाज चढवू नकोस.

तुझी,
तेजू

पोलादपूर,
१७ मार्च २०२५

चि. तेजू,
अनेक आशीर्वाद.

काल झालं ते सगळं लिहितो. सकाळपासून मी आरशासमोर आईचंच वाक्य घोकत होतो, भंगारात घेतलेली, भंगारात घेतलेली. ठरवलं होतं. हे तुला आधी सांगून टाकतो, उगाच मला थोर समजू नकोस.

राजेश दहाच्या सुमाराला आला. पासष्टीचा शांत माणूस, गुडघे दुखतात, आल्या आल्या आईच्या पाया पडला. मी भांडणाची सगळी तयारी करून बसलेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाला, अगदी आमच्यासारखीच आहे हो. मग दीपकरावांकडे वळून सांगितलं की आरसी जुळवायचा प्रश्नच येत नाही. आमची गाडी दरीत गेली, महादू मिस्त्रींनी स्वतः कळवलंय, आणि त्यांच्या शब्दावर माझे वडील डोळे मिटून विश्वास ठेवायचे. कागद आमच्या गाडीचे इथे राहिले असतील, ही दुसरी असणार. मला फक्त तशी गाडी एकदा बघायची होती. असं म्हणून त्याने मला विश्वास वाटावा म्हणून पोस्टकार्ड पुढे केलं.

तेजू, मला काही बोलायचीच गरज उरली नव्हती. नुसती मान हलवायची होती. आणि मी ती हलवली. हो. तुझा दादा मान हलवून मोकळा झाला.

बोलली ती आई. पडवीत भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, ती तुमचीच हाय, दुसरी कुटली नाय. मी पुढे होऊन तिला धरायला गेलो तर माझा हात झटकला. तिने सगळं सांगितलं, साहेबांना दिलेल्या चहापर्यंत. आगळाचंही सांगितलं. दीपकराव जमिनीकडे बघत होते. राजेश गाडीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, माझे वडील मरेपर्यंत कशेडीतून जाताना ड्रायव्हरला थांबवून दरीत बघायचे. एवढंच.

त्याने आईला दुखावलं नाही की माफही केलं नाही. चहा घेतला. परवा ट्रक घेऊन येतो म्हणाला. माझ्या मेहनतीचं विचारलं तेव्हा मी हात जोडले. निघताना मी धीर करून त्याच्याकडे ते पोस्टकार्ड मागितलं. तो ते ठेवून गेला.

दुपारी आई ताटावर बसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मग मला म्हणाली, वाच. मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. चार ओळी आहेत. दरड आली, गाडी गेली, माझा इलाज नव्हता, माफी असावी. वाचून झाल्यावर मला ते हातात धरवेना. माणसाने आयुष्यभर लोकांच्या गाड्या जोडल्या आणि त्याच्या हातचं अक्षर आपल्या घरात एवढंच, तेही खोटं. मी आईला विचारलं, चुलीत घालू का.

तिने माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं. वाचता तर येत नाही तिला. शाईवरून बोट फिरवत बसली. म्हणाली, खोटं आसंल, पन हात त्यांचाच हाय. जालू नको.

पेपर संपले की ये. आमच्या दोघांवर तुझी माया आहे तशीच राहू दे, सध्या आम्हाला तिची गरज आहे.

तुझा,
राजेंद्रदादा