मुकादमाचं ताट

ता. ५ नोव्हेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. आठवडाभर दवाखान्यात जनावरं तपासायची आणि रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांच्या मालकांचा वर्ग घ्यायचा, यात माझा अगदी पिट्ट्या पडलाय. जनावरं ऐकतात रे, मालक ऐकत नाहीत. परवा एक बाई आल्या. मांजर काही खातच नाही अशी तक्रार, आणि मांजराची टोपली उचलायला आम्ही दोघी लागलो. एक आजोबा पोपटाला रोज बशीतून गोड चहा पाजतात आणि तो असा चिडका का झालाय म्हणून मलाच विचारतात.

आता मुकादमाचं. तो जिन्यात मध्येच बसतो, धापा टाकतो, आणि तिथल्या डॉक्टरांनी हृदयावर ताण आल्याचं सांगितलंय, हे वाचून मला झोप लागली नाही. दादा, वजन उतरलं नाही तर तो पुढचा उन्हाळा काढणार नाही. हे मी बहीण म्हणून नाही, डॉक्टर म्हणून लिहितेय. सगळ्यांच्या कामावर नजर ठेवतो म्हणून वहिनीने या कुत्र्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. ती गेल्यापासून तुझ्यावर नजर ठेवायला तोच एक उरलाय.

तो दिवसभरात काय काय खातो ते खरं खरं कळव. तुमच्याकडेही माझी एक वर्गमैत्रीण असाच वर्ग घेते, तिथे जाऊन बस. लाजू नकोस.

लोभ आहे तसा राहू दे, पत्राला उशीर झाला तरी.

तुझी,
चिमी

ता. १४ नोव्हेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

एवढी मोठी डॉक्टरीण झालीस तरी सही चिमी म्हणूनच करतेस, बरं वाटतं. तू विचारलंस म्हणून सांगतो. मुकादमाला सकाळ-संध्याकाळ मूठभर खाणं मिळतं, तेही मोजून. बिस्किटं केव्हाच बंद केली. याउपर त्याचं वजन वाढत असेल तर तो हवा खाऊन फुगतोय असं समज.

वर्गाचं मात्र मनावर घेऊ नकोस. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे शिणतात. घरी आलो की दिवा लावायचाही कंटाळा येतो. या वयात बाकावर बसून कुत्रा कसा सांभाळायचा ते मी शिकणार नाही.

काल त्याला जिन्यातून उचलून आणावं लागलं. वर पोचेपर्यंत आम्ही दोघंही सारखेच धापा टाकत होतो.

तब्येतीला जप. आमच्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. २२ नोव्हेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

मूठभर. माझ्या वर्गातला प्रत्येक माणूस हेच सांगतो. कुणी खोटं बोलत नाही, पण कुणालाच खरं माहीत नसतं. म्हणून आम्ही विचारणंच सोडून दिलंय. जनावराचं रात्रीचं जेवण नेहमी जसं वाढता तसंच डब्यात भरून आणायचं आणि सगळ्यांसमोर टेबलावर ओतायचं, एवढाच नियम. माझ्या मैत्रिणीकडेही हीच पद्धत आहे. तिथे रागावत कुणी नाही.

येत्या रविवारी डबा आणि मुकादम, दोघांना घेऊन जा. मी फार थकलेय रे. लाडाने मेलेली जनावरं मी खूप पाहिली. आपल्या घरातलं आणखी एक माणूस गेल्याचं तुझ्या पत्रातून वाचायची ताकद माझ्यात नाही.

एवढं ऐक, मग हवं तेवढं चिडव. लोभ तर काय, हक्कानेच मागते.

तुझी,
चिमी

ता. ३ डिसेंबर

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

गेलो होतो. वर्ग एका शाळेच्या व्यायामाच्या खोलीत भरतो. तुझ्या मैत्रिणीचा आवाज असा की खोलीतली सगळी कुत्री एकदम खाली बसली, त्यांच्याबरोबर मीही बसलो. एका न्हाव्याने सशाचा डबा ओतला, तर त्यातून गाजरांपेक्षा बिस्किटंच जास्त निघाली. सगळे हसले, तोही हसला. मग माझी पाळी आली.

मी आदल्या रात्री मुकादमाला वाढायचं ते तसंच डब्यात भरून नेलं होतं. ते ओतलं. त्याचं मूठभर खाणं एका बाजूला पडलं. त्याच्या शेजारी भात, भाजी, अर्धं उकडलेलं अंडं आणि काकडीच्या चकत्या. तुझ्या मैत्रिणीने काकडीची एक चकती उचलून उजेडात धरली. मग तिने विचारलं, की कुत्र्यासाठी काकडी एवढी पातळ कोण कापतं. आमच्या घरी अशीच लागते, असं मी म्हणालो. कुणाला लागते, असं तिने विचारलं.

चिमे, ते तुझ्या वहिनीचं ताट होतं गं. छापखान्यातून आलो की मी त्याच भांड्यात तेवढेच तांदूळ टाकतो, हात आपोआप जातो. माझं जेवण झालं की तिच्या वाटणीचं उरतं. अन्न टाकलेलं तिला खपत नसे, म्हणून ते मुकादमापुढे ठेवतो. मी तुला खोटं लिहिलं नव्हतं. त्याचं खाणं मी मोजतच होतो. हे मोजलं नाही, कारण हे त्याचं आहे असं मला कधी वाटलंच नाही.

त्या लोकांसमोर मी रडलो. न्हाव्याने खुर्ची पुढे केली. मुकादम टेबलाशी उभा राहून आपल्या जेवणाची वाट बघत होता. तुझी मैत्रीण म्हणाली, की कुत्र्यापासून सुरुवात करू नका, आधी भांडं बदला. मला ते जमेल असं वाटत नाही. तुझ्या वहिनीची जागा रिकामी झाली, आता ताटही मीच बंद करायचं का?

जास्त लिहवत नाही. माया ठेव.

तुझा,
दादा

ता. ११ डिसेंबर

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत दार लावून वाचलं. बाहेर लोक खोळंबले होते, खोळंबू दिलं.

तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. एवढंच सांगते, की वहिनी असती तर तिने तुझ्या आधी मुकादमाला जपलं असतं, आणि तुला ते ठाऊक आहे. सुट्टी मिळाली की मी येते. तोवर काय करायचं ते तूच ठरव. तू काहीही ठरवलंस तरी माझा लोभ कमी होणार नाही.

तुझी,
चिमी

ता. ९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

मधे लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही होत नव्हतं. बाजारातून एकट्यापुरतं भांडं आणलं. ते इतकं लहान, की पहिल्या दिवशी भात उतू गेला आणि उरला तो करपला. मुकादम आधी माझ्या ताटाकडे, मग ओट्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. आता भुंकेल असं वाटलं, पण भुंकला नाही. करपलेलं खरवडून मी चार घास खाल्ले. त्या रात्री दोघंही अर्धपोटी झोपलो. नंतरचे कितीतरी दिवस तसेच गेले.

काल तो जिना न थांबता चढला. वर जाऊन मागे वळला आणि माझी वाट बघत उभा राहिला. डॉक्टर म्हणतात, हा उन्हाळा तो नक्की काढेल. मी अजून थकतो. वर्गाला मात्र जातो, न्हावी जागा धरून ठेवतो.

मोठं भांडं घासून वरच्या फळीवर पालथं घातलंय. ते मी कुणाला देणार नाही. तू यायचं म्हणाली होतीस ना, ये. त्या दिवशी ते खाली काढीन, काकडीही पातळ कापीन. फक्त ताटात काही टाकू नकोस. या घरात आता उरलेलं खायला कुणी नाही.

तुझा,
दादा