हक्कसोडीचा छापील नमुना

चाचा, गेले पंधरा दिवस मी मनातल्या मनात रोज तुमच्याशी बोलते आहे, म्हणून आज शेवटी लिहायलाच बसले. तुम्ही जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. माझी लेक आणि मी मिळून आपलं दस्त लिहायचं काम आता वेबसाइटवर ठेवतो आहोत. माणसानं घरी बसून मोबाइलवर प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्र असा मसुदा आपोआप तयार होऊन त्याच्या हातात पडायचा. अशी वेबसाइट बांधायला हल्ली संगणकाची भाषा यावी लागत नाही. तयार चौकटी मिळतात, त्या नुसत्या जागेवर ओढून बसवायच्या. त्या पुरवणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत. आम्ही त्यांतल्या दोन बाजूला काढल्या. एक निवडायची, एवढंच काम होतं. त्यावरून आम्हा मायलेकींचं आठ दिवस वाजलं.

तुमच्याकडे आले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन दीड वर्ष झालं होतं आणि नोकरी कुठे लागत नव्हती. एरंडोलहून सकाळच्या एस.टी.नं जळगावला यायचं, नोंदणी कार्यालयाच्या भिंतीला लागून तुमची पत्र्याची शेड, तिथे दिवसभर काम करायचं. सर्टिफिकेट तुम्ही पाहिलंच नाही. 'चतुःसीमा' शब्द लिहायला लावलात आणि विसर्ग बघून म्हणालात, "उद्यापासून ये." दुसऱ्या दिवशी माझं टेबल तुम्ही भिंतीकडे सरकवून ठेवलं होतं, मागून कुणाचा धक्का लागू नये म्हणून. माझे पाय जमिनीला टेकत नाहीत हे बघून सुताराला बोलावलंत आणि खुर्चीचे पाय चार बोटं कापून घेतलेत. शेजारचा एक दस्तलेखक हसत म्हणाला, "चाचा, बाईमाणसाला धंद्यावर बसवलं का आता?" तुम्ही टाक न थांबवता म्हणालात, "ती बसली आहे. मी तिच्या शेजारी बसतो." दुपारी माझ्या डब्यातलं भरीत तुम्हाला लागायचंच. कळण्याची भाकरी नसली तर तोंड वाकडं करायचात.

पण तुमचं काम फार संथ. एक साधी हक्कसोड लिहायची तर तुम्ही अर्धा दिवस घ्यायचात. बहिणी किती, विहीर कुणाच्या वाट्याला, म्हातारी आई कुणाकडे राहते, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं विचारायचं आणि मग टाक उचलायचा. तेवढ्यात बाकीचे दस्तलेखक चार दस्त उरकायचे. दुसऱ्या वर्षी मी डोकं चालवलं. नेहमीच्या कागदांचे नमुने टाइप करून ते हिरव्या लेजर कागदावर छापून आणले. नाव, गाव, गट नंबर, चतुःसीमा, एवढ्याच जागा कोऱ्या. भरल्या की काम झालं. तुम्ही चष्मा पुसून एकेक नमुना शेवटपर्यंत वाचलात आणि म्हणालात, "माझ्या अक्षरापेक्षा छान आहे." मी आठवडाभर हवेत होते.

मग तो फाल्गुनातला शुक्रवार. तुम्ही नमाजाला गेलेले. गिरणाकाठच्या गावचे दोघे भाऊ बहिणीला घेऊन आले. ती यावलकडे दिलेली, पहाटेची बस धरून आलेली, केळीच्या चिकाचे काळे डाग लुगड्यावर तसेच. बाप वारला होता, बहिणीचा हक्क सोडून घ्यायचा होता. मी नमुना काढला, नावं भरली, चतुःसीमा भरल्या, वीस मिनिटांत कागद तयार. शाईचा पॅड उघडून ठेवला आणि तुम्ही आलात. खुर्चीवर बसायच्या आधीच तुम्ही तिला विचारलंत, "अक्का, हा कागद कशाचा आहे?"

"भाऊ म्हनतस, सातबाऱ्यावर नाव चढावनं शे."

"कुणाचं नाव?"

ती भावांकडे बघायला लागली. तुम्ही कागद उचलून तिला सावकाश वाचून दाखवलात. 'राजीखुशीने सोडून देत आहे' तिथे ती दचकली. "मी सोडस? काय सोडस मी?"

थोरला भाऊ तापला. "चाचा, तुम्ही लिहिणारे का वकील?"

"लिहिणारा. म्हणून तर विचारलं," तुम्ही म्हणालात आणि पॅड मिटवून ठेवलात. "आज होणार नाही."

ते गेल्यावर तुम्ही मला रागावलात, तेही हळू आवाजात. "बेटी, नमुना चांगला आहे. पण तिनं बोलायचं कुठे? तेवढी जागा ठेवायची राहिली."

गोष्ट तिथे संपली असती तर बरं झालं असतं. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठ दिवसांनी ती एकटीच शेडमध्ये आली. आखाजीला खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी जाते, तिला न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो. ती उभ्या उभ्या म्हणाली, "मुराळी उना नई. मनं माहेर तुटी गयं, चाचा." त्या दुपारी तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी शेड बंद ठेवून मला घेऊन तिच्या माहेरच्या गावी गेलात. तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, तीही आली. ओट्यावर दोन तास नुसता आरडाओरडा. तुम्ही एकच म्हणत राहिलात, "तिला काय द्यायचं ते तिच्या तोंडानं सांगू द्या." शेवटी तिनं सांगितलं. विहिरीकडचा तुकडा ठेवायचा, बाकी भावांचं. तिथेच, माझ्यासमोर, तुम्ही तो कागद हातानं लिहिलात. प्रत्येक ओळ तिला वाचून दाखवत होतात आणि ती मान हलवून "हा" म्हणेपर्यंत पुढे जात नव्हतात. पुढच्या आखाजीला थोरला भाऊ तिला आणायला गेला. धाकटा मात्र शेवटपर्यंत बोलला नाही, असं नंतर कानावर आलं.

तर त्या दोन कंपन्या. पहिलीची वेबसाइट देखणी. तीन मिनिटांत कागद तयार, प्रत्येक पानावर ठळक 'पुढे' आणि माणूस सरसर शेवटाला. दुसरी ओबडधोबड, तिच्यात आपली जोडाक्षरंसुद्धा मधेच फुटतात. पण तिच्यात उत्तर बघून पुढचा प्रश्न बदलता येतो, कलम वाचून दाखवणारा आवाज घालता येतो, आणि मुख्य म्हणजे काम मधेच थांबवता येतं. मी दुसरी म्हटली. लेक वैतागली. "आई, लोक थांबत नाहीत गं. तिसऱ्या प्रश्नाला पान बंद करून निघून जातात."

"जाऊ देत."

"मग दुकान मांडायचं कशाला?"

तिचंही खोटं नव्हतं. त्यावर मी तिला त्या बाईची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. तिनं दुसरी वेबसाइट पुन्हा उघडली. मग म्हणाली, "समजा, कुणी म्हटलं मला कळलं नाही. मग काय दाखवायचं?" मी म्हटलं, काही दाखवायचं नाही, आपला फोन वाजला पाहिजे. तिनं दुसरी कंपनी घेतली. आता प्रत्येक पानावर 'पुढे' शेजारी तेवढंच मोठं बटण आहे: 'मला हे समजलं नाही.' जोडाक्षरं दुरुस्त करायला तिचे आणखी चार दिवस गेले, कुरकुर न करता. तुम्हाला आवडली असती ती.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, ते माझ्याजवळच राहील. म्हणून एक गोष्ट लिहिते, जी लेकीलाही सांगितली नाही. त्या गावच्या ओट्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पोरीचा दोष नाही, मी जागेवर नव्हतो." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. पण चाचा, तुम्ही नमाजाहून परतायच्या आधी तिनं मला विचारलं होतं. वाकून, भावांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात: "बाई, हाऊ कागद कसाना शे?" आणि मी टायपरायटरवरून मान वर न करता म्हणाले होते, "तुमच्या भावांना विचारा."