कातडी माझी, पद्धत माझी

२ डिसेंबर, सकाळी ७.४०
काल पोहोचलो. आमच्याकडे घाम, इथे बर्फ. विमानतळाबाहेर काकांनी स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली. परत दिली. गरज नव्हती.
काकांच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर म्हातारपणी मुलाकडे राहायला गेला, म्हणून मला बोलावलं. महिनाभर काम बघू, मग खुर्चीचं ठरवू, असं काका म्हणाले. औपचारिकता आहे. निघताना जुन्या मालकाला त्याच्या वस्तऱ्यांबद्दलचं खरं मत ऐकवून आलोय, त्यामुळे परत जाण्याचा प्रश्नच येत नाही.
काकूने आल्या आल्या घट्ट पांढऱ्या क्रीमचा डबा हातात ठेवला. तोंड ओलं असतानाच लाव, साबण कमी कर, कढत पाण्याने आंघोळ नको, वगैरे. मी नम्रपणे सांगितलं की माझी त्वचा मुळात तेलकट आहे आणि सहा वर्षं मी लोकांचे गाल हाताळतोय. काकू म्हणाली, गाल हाताळलेस रे, थंडी कुठे हाताळलीस. डबा कपाटात ठेवला. मोठ्यांना उलट बोलत नाही.

४ डिसेंबर
पट्टीने रेघा मारून वेळापत्रक केलं, बाथरूमच्या आरशाशेजारी चिकटवलं. तोंड साबणाने दिवसातून पाच वेळा. दाढीनंतर तुरटी, मग आफ्टरशेव्ह, मग पावडर. आंघोळ कढत, वीस मिनिटं. सनस्क्रीन बाद. ऊनच नाही तर संरक्षण कोणापासून?
ताईने वेळापत्रक वाचलं. ताई म्हणजे काकांची मुलगी, ब्यूटीपार्लरचा कोर्स केलाय, घरीच बायकांची कामं घेते. तिने विचारलं, हे तोंडाचं आहे की मोरीचं? कोर्सवाल्यांना प्रत्यक्ष अनुभव नसतो.

८ डिसेंबर
चेहरा ताणल्यासारखा वाटतो. चांगलं लक्षण. त्वचा घट्ट होतेय.
दुकानातल्या हीटरवर काकू पाण्याचं पातेलं ठेवते. हवा कोरडी पडते म्हणे. गिऱ्हाइकांना वाटेल आम्ही अंडी उकडतोय. उचलून मागे ठेवलं. तिने परत ठेवलं. मी परत उचललं. असं दिवसभर.

११ डिसेंबर, रविवार
टेकडीवर बर्फात तीन तास फिरलो. नाक आणि कपाळ भाजल्यासारखं लाल. ताई म्हणाली, बर्फावरून ऊन उलटून तोंडावर येतं, सनस्क्रीन लावायचं होतंस. ऊन वरून येतं. माझं शिक्षण नववीपर्यंतच झालं हे खरं, पण एवढं चौथीतच शिकवतात.

१४ डिसेंबर
खालचा ओठ फुटला. हसलं की रक्त. उपाय सोपा आहे: हसायचं नाही आणि ओठ न हलवता बोलायचं. आरशासमोर तासभर सराव केला. जमलं.
संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने काकांना हळूच विचारलं, पुतण्या आमच्यावर रागावलाय का हो? काका म्हणाले, नाही, हवेवर रागावलाय.

१७ डिसेंबर
नाकाच्या दोन्ही बाजूंनी सालं निघतायत. जुनी कातडी जाऊन नवी येतेय. सापही हेच करतो. त्याच्यामागे कोणी क्रीमचा डबा घेऊन धावत नाही.
बोटांना भेगा. एका गिऱ्हाइकाच्या मफलरचा धागा माझ्या अंगठ्यात अडकला. ते दारापर्यंत गेले, मी पाठोपाठ. दुसरा एक जण म्हणाला, हात आहे की खवणी? त्याचा गालच नाजूक होता.
तोंड धुणं आजपासून पाचऐवजी सात वेळा.

२१ डिसेंबर
काका दाताच्या डॉक्टरकडे गेले. पहिल्यांदाच दुकान माझ्या हाती. आणि आले कोण, तर निवृत्त हेडमास्तर. वीस वर्षं काकांशिवाय कोणाला गालाला हात लावू दिला नाही त्यांनी. थांबतो म्हणाले. मी आग्रहाने बसवलं.
पूर्ण पद्धत वापरली. तुरटी दोन वेळा, आफ्टरशेव्ह ओंजळभर, वर पावडर. मध्येच म्हणाले, तुझे काका शेवटी नुसती क्रीम चोळतात. म्हटलं, काकांची पिढी वेगळी. त्यानंतर त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डोळे मिटले. जाताना डोळ्यांत पाणी होतं. भारावले असावेत.

२३ डिसेंबर
हेडमास्तर सपत्नीक आले. गाल लालबुंद, पापुद्रे सुटलेले. बाईंनी विचारलं, हे कोणी केलं? मी पुढे झालो. पळणाऱ्यांतला नाही मी. पद्धत निर्दोष आहे हे सिद्ध करायला स्वतःचा चेहराच पुढे केला. म्हटलं, बघा, मी स्वतःला रोज हेच करतो.
बाईंनी चष्मा लावला, जवळ येऊन निरखून पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, अहो, तुम्ही काय रडताय, या पोराचं बघा. मग मला विचारलं, बाळा, तुझी आई आहे ना रे? आहे म्हटलं. ओठ हलला, रक्त आलं.
हेडमास्तरांच्या गालांना काकांनी स्वतः क्रीम लावली, बराच वेळ.

२६ डिसेंबर
सहज, विचारपूस म्हणून, जुन्या मालकाला फोन केला. माझ्या जागी दुसरा माणूस ठेवलाय म्हणाला. वर विचारतो, आमचे वस्तरे वाईट, तुझे कसे चाललेत? आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता.

३१ डिसेंबर
काकांनी निर्णय दिला. दुसरी खुर्ची ताईची. म्हणाले, ज्याचं स्वतःचं तोंड असं, त्याच्या हातात लोक तोंड कसं देतील? आधी बरा हो, मग बघू.
मी सात मुद्दे लिहून आणले होते. उभा राहून वाचायला लागलो. तिसऱ्या मुद्द्याला ओठ फुटला. ताई म्हणाली, उरलेले नंतर वाच, आता बस इथे. तिला पुरुषांच्या दाढीचा सराव नाही, कोणाचा तरी चेहरा हवा होता. दुकानात माझ्याइतकं रिकामं कोणी नव्हतं. निषेध म्हणून डोळे मिटून बसलो.
कोमट पाणी. साबण नाही. वस्तऱ्याचा कोन दोनदा चुकला, मी सांगितलं नाही. मग ओल्या तोंडावर क्रीम.
झोंबलं नाही.
किती वेळ बसलो होतो कळलं नाही. ताईने खांद्यावर टिचकी मारली. म्हणाली, ऊठ आता, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय.
हेडमास्तर होते. उठलो, खुर्चीवरचे केस झटकले आणि त्यांचा कोट धरला.