भिंतीकडे तोंड

मंगळवार, ३ मार्च
आज परत! जेवायच्या सुट्टीत फोनवर घरचा कॅमेरा उघडला तर आईची खोली गायब. नुसती भिंत — खिळ्याचं भोक आणि त्याखाली ओल. ऑफिसात आवाज बंदच ठेवावा लागतो. थोड्या वेळाने आई परत दिसली, पांघरूण नीट, केस विंचरलेले. मधल्या वेळात काय झालं?

आई अंथरुणाला खिळलेली, म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत हात पोचणार तो सांभाळणाऱ्या मावशींचाच. त्यांच्या भरवशावर आई सोडून मी इथे दुसऱ्या गावी नोकरी करतोय. आणि मला त्यांच्याबद्दल काय माहीत? काही नाही.

बुधवार, ४ मार्च
कॅमेरेवाल्याला फोन केला. "टॅम्पर डिटेक्शन चालू करा ना साहेब, तुमच्या कॅमेऱ्यात आहे ते." कोणी कॅमेरा झाकला, वळवला, की माझा फोन बोंब मारणार. तासभर सेटिंगमध्ये डोकं घातलं. आधी संवेदनशीलता सगळ्यात जास्त ठेवली — पडदा हलला तरी बोंब! मीटिंगमध्ये फोन कोकलत राहिला, साहेब बघत राहिले. मग मधोमध आणली. आता बघतोच.

गुरुवार, ५ मार्च
वाजला! समोर भिंत. जिन्यात पळालो, आवाज चालू केला आणि ओरडलोच — "मावशी, कॅमेरा का फिरवलात?"

टॉवेल पिळल्याचा आवाज. मग आईचा, खणखणीत. "मी सांगितलंय फिरवायला! अंग पुसतायत माझं. एवढा घोडा झालास, अक्कल कधी येणार?"

मावशी हळूच म्हणाल्या, "दादा, आधी त्याचं तोंड फिरवायला लावतात. मगच कपड्यांना हात लावू देतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवार, ७ मार्च
टॅम्पर बंद करणार होतो. नाही केलं. दुपारी फोन वाजला म्हणजे आईचं राज्य शाबूत आहे! आज मागून तिचा आवाजही आला — "फिरवलंस का त्या चोंबड्याचं तोंड?" चोंबडा म्हणजे कॅमेरा. किंवा मी. जिन्यात एकटाच हसलो.

गुरुवार, १९ मार्च
आठवडाभर आईला ताप, ग्लानी. डॉक्टर फोनवर म्हणाले, ताप उतरला, पण आता हे असंच चालायचं. असंच म्हणजे कसं, ते विचारायचा धीर झाला नाही. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून आहे. मी बोटांनी आईचा चेहरा मोठा करून बघतो. दुसरं काय करू?

सोमवार, २३ मार्च
दुपारी फोन वाजलाच नाही. वाटलं, सेटिंग बिघडलं. उघडून बघितलं तर खोली समोर, मावशींच्या हातात ओला टॉवेल, आणि आई — फोन पटकन उपडा ठेवला.

नंतर मावशींना विचारलं, विसरलात का?

"थांबले होते दादा, सांगतील म्हणून. त्या काही बोलल्याच नाहीत."