शिवणक्लासचे वार

प्रिय बोगदेवाले,

रोज फोनवर बोलतो, तरी ही पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. आपल्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो. तुझा आवाज ऐकल्याशिवाय आईंना जेवण जात नाही, आणि तिकडे साइट ऑफिसात तुझ्याभोवती चार माणसं कान टवकारून बसलेली. काही गोष्टी तशा बोलता येत नाहीत. तुमची गाडी सामान न्यायला शहरात येतेय, तर ड्रायव्हरकाकांच्या हाती हे पाकीट देतेय. एकटा असशील तेव्हा वाच. आणि मध्येच चिडून घडी घालून खिशात टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी ठकीबद्दल. ती आता रांगते, पण उलटी. खेळणं पुढे असतं आणि बाईसाहेब मागे मागे जातात. पाय कपाटाला अडकले की जगाला दोष देत भोकाड पसरते. खालच्या हिरडीत दात दिसायला लागलाय आणि त्याची धार पहिल्यांदा माझ्याच बोटावर बघून झालीय. तुझा फोटो दाखवला की ती फोटोकडे न बघता फोन चाटते. वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्याशीही तसंच वागते.

आता त्या वारांबद्दल. मोठ्या सिस्टरनी रजा संपायच्या आधीच बजावलं होतं की अर्धवेळ देते, पण वार एकदाच निवड, मग बदलून मिळणार नाहीत. डायलिसिसचं काम तसंच आहे. पेशंट एकतर सोमवार-बुधवार-शुक्रवारचे, नाहीतर मंगळवार-गुरुवार-शनिवारचे. वार निवडायचे म्हणजे माणसंच निवडायची. माझे जुने पेशंट मंगळवारचे. त्यात खिडकीजवळच्या खुर्चीतले ते घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. मी रजेवर गेले तेव्हा म्हणाले होते, "लवकर ये बाई, तुझ्या हातची सुई मला लागत नाही." शिवाय आईंचा शिवणक्लास सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे बाकीचे तीन दिवस त्या मोकळ्या आणि ठकी त्यांच्याजवळ. सगळं जणू आखून ठेवल्यासारखं जुळत होतं. माझ्या आईनेही तेच गृहीत धरलं होतं, तूही.

आणि मी सोमवार-बुधवार-शुक्रवार सांगून आले.

त्या दिवशी तू फोनवर जे बोललास, ते मी विसरलेले नाही. घरात आठ-दहा मुली, मशीनं धडधडतायत, जमिनीवर टाचण्या आणि कात्र्या, आणि त्यात तू पोरीला सोडून जाणार? डोकं ठिकाणावर आहे का? मग आवाज खाली आणून तू विचारलंस, "आईवर विश्वास नाही का तुझा? ती एकटी असताना पोरगी तिच्याजवळ नको, असंच ना?" फोन स्पीकरवर होता. आई समोर बसून फ्रॉकची पट्टी दुमडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी ठकीला उचलून आत गेले, आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तू माझ्याशी कामापुरतं बोलतोस. माझी आईसुद्धा दोन दिवस फुगून होती, म्हणाली, विहीणबाईंचा असा अपमान मी तुला शिकवला नव्हता.

तू जे विचारलंस ते खरं होतं. ठकी त्यांच्याजवळ एकटी नको, म्हणूनच मी ते वार घेतले. फक्त कारण तुला वाटतं ते नाही.

रुजू होण्याआधी हात पुन्हा बसावा म्हणून मी एका शनिवारी थोडा वेळ सेंटरला गेले होते. दुपारी परत आले तर आई पलंगावर बसून काजं करत होत्या, मान खाली, टाके एकसारखे. ठकी त्यांच्या डाव्या अंगाला, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. तिचा एक पाय पलंगाखाली लोंबत होता आणि ती सवयीप्रमाणे मागे सरकत होती. मी चपलांसकट धावले आणि तिला उचललं. आई दचकल्या. "अगं, ती इकडे उजवीकडे झोपलीय ना?" म्हणत त्यांनी रिकाम्या गोधडीवर हात फिरवला. त्यांच्यावर ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. त्या माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या बाजूने पुढे केला. दिसला नाही. पेला हाताला लागला तेव्हा कळला. मग ठकीला झोपवून मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि सरळ विचारलं. आधी म्हणाल्या, "तुझं आपलं काहीतरीच, सुईत दोरा तुझ्याआधी ओवते मी." ते खरंच आहे. म्हणूनच कुणाला संशय आला नाही. मग ओट्याला टेकून म्हणाल्या, "मधलं सगळं लख्ख दिसतं गं. कडा गेल्यात. दाराच्या फटीतून बघावं तसं दिसतं." तू बोगद्याच्या कामावर गेलास त्याच्याही आधीपासून. रस्त्यावर माणसं अंगावर आल्यासारखी वाटतात म्हणून भाजी आणायला त्या झिराफला सोबत नेतात. झिराफ म्हणजे क्लासमधली ती उंच मुलगी. आपल्याला वाटायचं, लाडकी आहे म्हणून नेतात.

त्यांनी मला दोन गोष्टी मागितल्या. एक, तुला कळवायचं नाही. बाबांच्या आजारपणात तू नोकरी सोडून आला होतास, आताही येशील, आणि त्याचं ओझं त्यांना नको. दुसरी मागताना त्यांनी माझा हात धरला. "ठकीला माझ्यापासून तोडू नकोस. पाळणाघरात घातलीस तर लोक कारण विचारतील, आणि मला तरी दिवसभर काय उरेल?" म्हणून क्लासचे वार. क्लासच्या दिवशी घरात नजरा असतात. मधल्या खोलीच्या दाराला आडवी फळी लावून घेतलीय, कात्र्या-टाचण्या फळीच्या पलीकडे. झिराफला आईंनी सगळं सांगितलंय, ती आपलं मशीन फळीला लागून ठेवते आणि पाळीपाळीने मुली आत बसतात. ठकीला एवढ्या मावश्या मिळाल्यात की माझी आठवणही काढत नाही.

त्या बदल्यात मीही एक मागितलं, की डॉक्टरांकडे चला. मंगळवारी मला सुट्टी असते, तेव्हा नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते. थेंब चालू केलेत, ते मी वेळेवर घालते की नाही हे त्याच मला विचारतात.

मी शब्द दिला होता आणि तो पाळणार होते. तुझ्या मनात वाईट ठरले तर ठरले, कधीतरी निस्तरलं असतं. पण काल पुन्हा दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, मुलंबाळं किती? एकच मुलगा, आई म्हणाल्या. तर ते म्हणाले, हे रक्तात उतरू शकतं, दुखत-खुपत काही नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, मुलाला ताबडतोब तपासा. आणि मागच्या आठवड्यात तू फोनवर आईंना हसत सांगितलंस की बाजूने येणारी ट्रॉली तुला दिसली नाही, मुकादमाने कॉलर धरून मागे ओढलं. अंधारात कुणालाही दिसली नसती, असेलही. मला काही माहीत नाही, आणि माहीत नसणंच सहन होत नाही. घरी आल्यावर आईंनी मशीनवरचं कापडसुद्धा काढलं नाही. आता माझ्या शेजारी बसून म्हणतायत, "माझा शब्द मोड. लिही त्याला, आईने सांगितलंय म्हणून लिही." तर लिहितेय. याच गाडीने परत ये. डोळे तपासल्याशिवाय बोगद्यात पाऊल टाकू नकोस.

तुझीच,
जिच्याशी तू कामापुरतं बोलतोस ती